चिवड्याच्या डब्यातला स्फटिक

इंग्रजी 'आर' हे एकच अक्षर सांगायला जर कुणी साडेतीन मिनिटे घेतली, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? आमच्या सौभाग्यवतीने मला काय म्हटले ते येथे लिहीत नाही. पण २०११ च्या हिवाळ्यात मी लेस्टरच्या आमच्या परसातल्या खोपटात बसून रात्रीच्या रात्री हेच करीत होतो, आणि तेही रीतसर परवाना काढून!

प्रकरण आहे लांब लहरींचे. इंग्लंडात १९९८ साली हौशी रेडिओवाल्यांना १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्‌झ एवढी चिंचोळी पट्टी मिळाली. या लहरीची लांबी सुमारे २,२०० मीटर. नियमाप्रमाणे एरियल तिच्या पाव हिश्शाइतका उंच हवा, म्हणजे साडेपाचशे मीटर! माझी तार होती नऊ मीटर उंच. यंत्रातून शेकडो वॅट सोडले तरी बहुतेक सारे तारेच्या वेटोळ्यात आणि जमिनीत उष्णता होऊन मुरतात. आकाशात जाते ते चिमूटभर.

असल्या क्षीण आवाजाचे बोलणे ऐकू यायचे कसे? उत्तर सोपे आहे : हळू बोलायचे. मोर्सचा एक टिंब तीस सेकंदांचा, डॅश दीड मिनिटाचा. समोरचा माणूस ते कानांनी ऐकत नाही, संगणकाच्या पडद्यावर रेघा उमटताना पाहतो. जितके हळू बोलावे तितकी ऐकण्याची फट अरुंद करता येते, आणि फट जितकी अरुंद तितका खरखराट कमी आत शिरतो. तीस सेकंदांच्या टिंबाला ही फट साधारण एका हर्ट्‌झचा तिसावा भाग एवढी. अर्थात तुमची लहर तेवढी स्थिर हवी. नाहीतर सगळेच मुसळ केरात.

माझा श्रोता होता नॉर्विचकडचा एक इंग्रज म्हातारा. वय ८१. पन्नास वर्षे त्याने मोर्स ऐकला, आणि मग कान गेले. पडद्यावरच्या या रेघा एवढाच त्याचा रेडिओ उरला होता. त्याने पत्र पाठवले, "तुझ्या टिंबांना शेपट्या फुटतात. रेघ तिरकी जाते." मी, मिरजेत रेडिओदुरुस्ती शिकलेला माणूस, मला राग आला. मी उलट लिहिले की, रिसीव्हर तपासून घ्या, जुना झाला असेल. 'जुना' हा शब्द रिसीव्हरलाच लावला होता, पण तो कुठे लागला हे मला लिहितानाही ठाऊक होते. दोन आठवडे उत्तर नाही.

नंतर आले ते एक चित्र. वरच्या अर्ध्यात जर्मनीतल्या माइनफ्लिंगेनचे ७७.५ किलोहर्ट्‌झचे कालकेंद्र, अणुघड्याळावर चालणारे. त्याची रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ. खालच्या अर्ध्यात, त्याच रात्री, त्याच रिसीव्हरवर माझी टिंबे. एकूणएक वाकडी! चित्राखाली एक शब्दही नव्हता.

मी खोपटात जाऊन माझा आंदोलक उघडला. स्फटिक चांगला होता, चूक माझी होती. मोर्सच्या किल्लीने मी आंदोलकाचीच वीज बंद-चालू करीत होतो. म्हणजे दर टिंबाला तो बिचारा थंडीतून उठायचा, गरम व्हायचा आणि सरकायचा. शिवाय मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरशी त्याची वीज सामायिक. तिकडे भार पडला की इकडे दाब उतरे.

नवे यंत्र चार-पाच पौंडांत बसवले. अमेरिकेत १९५३ च्या अखेरीस रंगीत टेलिव्हिजनसाठी जी पद्धत ठरली, तिच्यासाठी ३.५७९५४५ मेगाहर्ट्‌झचे स्फटिक इतके बनले की ते आजही कवडीमोलाने मिळतात. या आकड्याला २६ ने भागा : १३७.६७५ किलोहर्ट्‌झ. नेमके आमच्या पट्टीत! भागाकाराची युक्तीही गमतीची आहे. चार बिटांची मोजणी-चिप शून्यापासून पंधरापर्यंत मोजते. तिला दर फेरीला तीनपासून सुरू करायला लावले की सोळाऐवजी तेराच टप्पे होतात. पुढे आणखी एका चिपेने दोनाने भागले की सव्वीस, आणि लहर दोन्ही बाजूंनी सारखी. स्फटिकाला डोलवायला इन्व्हर्टरची एक चिप. तीन चिपांत काम झाले. किल्ली आता भागाकाराच्या पुढे लावली. स्फटिक अखंड चालू, आणि त्याला स्वतंत्र पाच व्होल्टचा रेग्युलेटर.

भागल्याने स्फटिक दहा हर्ट्‌झ सरकला तर बाहेर ०.४ हर्ट्‌झही सरकत नाही हे खरे, पण प्रमाण तेच राहते, आणि आमच्या फटीला ०.४ म्हणजे बारा दारे पलीकडे! म्हणून उष्णता बांधून ठेवायला हवी. स्फटिकाला एक ट्रान्झिस्टर आणि एक थर्मिस्टर चिकटवले : गार झाले की ट्रान्झिस्टर तापतो, ४५ अंशांवर आला की आवरता घेतो. सारे थर्मोकोलमध्ये गुंडाळले आणि डब्यात घातले.

डब्याची गोष्ट नाजूक आहे. दिवाळीचा चिवडा नुकता संपत आला होता.

"अहो, डबा कुठं गेला?"

"खोपटात आहे. जरा उबदार आहे."

मग उपग्रहांच्या घड्याळाचा सेकंदाचा ठोका घेऊन, दहा-दहा सेकंद मोजून, छोट्या ट्रिमरने आकडा जुळवला. हे मात्र डबा चार तास तापल्यावरच करावे. मी पहिल्या रात्री घाई केली आणि पहाटे सगळे पुन्हा केले.

त्या शनिवारी मी कॉलसाइनच्या आधी एकच शब्द पाठवला : 'सॉरी'. इंग्रजीतली ती पाच अक्षरे तीस सेकंदांच्या टिंबाने पाठवायला अर्ध्या तासाच्या जवळपास लागतो. माफी मागताना तेवढा वेळ एकाच जागी बसून राहावे लागणे, हे मला तरी नवे होते. दुसरा 'आर' चालू असताना बाहेर पाऊस लागला आणि एरियल भिजून सूर बिघडेल की काय म्हणून माझा जीव वरखाली होऊ लागला.

सकाळी चित्र आले. माइनफ्लिंगेनची रेघ सरळ, माझीही सरळ. या वेळी खाली म्हाताऱ्याने लिहिले होते, "शेपट्या नाहीत. पुढच्या शनिवारी माझी पाळी."

डबा अजून खोपटातच आहे. सौभाग्यवतीने नवा आणला, आणि त्यावर माझे नाव घालून खाली 'हात लावू नये' असे लिहून ठेवले आहे.