‘पब’ म्हणजे मुळात घरच

शिवोलीहून शापोरा नदीवरचा पूल ओलांडून चोपड्याला उतरले की मोरजी, मांद्रे, हरमलच्या किनाऱ्यांकडे रस्ते फुटतात. या किनारपट्टीत ‘पब’ हा शब्द आता ‘बार’इतकाच परिचित झाला आहे. ‘गावात पब नको’ असे ग्रामस्थ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे कर्णकर्कश संगीत आणि पहाटेपर्यंतची वर्दळ असते. शब्दाचा मूळ अर्थ मात्र याच्या अगदी उलट आहे.

‘पब’ हे ‘पब्लिक हाउस’ या जोडशब्दाचे संक्षिप्त रूप, एकोणिसाव्या शतकात रूढ झालेले. पब्लिक हाउस म्हणजे खासगी नव्हे असे, कोणालाही आत येण्याची मुभा असलेले घर. यातील ‘घर’ अलंकारिक नाही. जिन या कडक दारूपासून लोकांना बिअरकडे वळवण्यासाठी १८३० साली इंग्लंडमध्ये कायदा झाला आणि दोन गिनी भरून परवाना घेणाऱ्या करदात्याला राहत्या घरातच बिअर विकता येऊ लागली. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक, मागे संसार!

हे वर्णन वाचून गोमंतकीय वाचकाला इंग्लंड नव्हे, गावातले ताव्हेर्न आठवेल. घराचीच दर्शनी खोली, लाकडी फळी, हुर्राक-फेणीच्या बाटल्या आणि आतून येणारा फोडणीचा वास. पेडणे महाल १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली गेला. त्यामुळे इंग्रजी ‘पब’च्या कितीतरी आधी पोर्तुगीज ‘ताव्हेर्न’ इथे पोहोचले. त्याचे आणि इंग्रजी ‘टॅव्हर्न’चे मूळ एकच, लॅटिन ‘ताबेर्ना’, म्हणजे झोपडी किंवा दुकान. गंमत अशी की, याच शब्दाच्या लघुरूपातून ख्रिस्ती प्रार्थनामंदिरातील पवित्र पेटीचे ‘टॅबर्नॅकल’ हे नाव आले.

‘बार’ची कुळकथाही अशीच. बार म्हणजे आडवा दांडा. अशाच एका कठड्यावरून बॅरिस्टर हा शब्द आला, तर गिऱ्हाईक आणि बाटल्या यांच्यामधल्या अडसरावरून मद्यालयाचा बार.

तेव्हा मूळ अर्थाने पाहिले तर झगमगत्या नृत्यगृहापेक्षा गावातले जुने ताव्हेर्न हेच अधिक अस्सल ‘पब’ ठरते. तिथे मालक गावचाच. कोणी किती प्यायला, कोणाला घरी पाठवायचे, हे त्याला ठाऊक. म्हणून परवान्याच्या वादात फलकावरील नाव फारसे उपयोगाचे नाही. मालक तिथे राहतो का, दार किती वाजता बंद होते, आवाज कुठवर जातो, हे विचारले पाहिजे.

मराठीने मात्र या धंद्याकडे निराळ्याच नजरेने पाहिले. इंग्रजीला त्यात घर दिसले, पोर्तुगीजला दुकान. मराठीत दारूच्या दुकानाला ‘गुत्ता’ म्हणतात, आणि गुत्ता म्हणजे मक्ता, सरकारकडून घेतलेला ठेका.