१ गिगाबिट म्हणजे नेमके किती?

भाड्याच्या आभासी सर्व्हरच्या जाहिरातीत ‘१ गिगाबिट’ ठसठशीत छापलेलं असतं. हे बिट, बाइट नव्हेत. आठाने भागलं की सेकंदाला १२५ मेगाबाइट उरतात. तेही बहुधा वाटून घ्यायचे, कारण एकाच यंत्रावर अनेक गिऱ्हाइकं नांदतात. म्हणून दुपारी मोजलंत तर रात्रीही मोजा.

त्यासाठी ‘आयपर्फ३’ हे फुकटातलं उत्तम हत्यार. एका सर्व्हरवर ते ऐकत बसवायचं, दुसऱ्यावरून मारा करायचा. दहा सेकंदांत आकडा हाती. ९४० मेगाबिटच्या आसपास आला तर कुरकुर नको, उरलेलं पॅकेटांवरच्या पत्त्यांत खर्च होतं. दूरच्या सर्व्हरशी मात्र आकडा धाडकन पडू शकतो. जाण्यायेण्याला १०० मिलिसेकंद लागत असतील, तर पोच येईपर्यंत १२.५ मेगाबाइट वाटेत असायला हवेत. टीसीपीची ‘विंडो’ तेवढी नसली की वाट रिकामीच राहते. तेव्हा आठ जोडण्या एकदम उघडून बघा.

आणि हो, ही चाचणीही कोट्यातून कापली जाऊ शकते: दहा सेकंदांना सव्वा गिगाबाइट. महिन्याचा १ टेराबाइट पूर्ण वेगाने सव्वादोन तासांतच संपतो. रोजच्या हिशेबाला ‘व्हीएनस्टॅट’ बरा. तो स्वतः काही पाठवत नाही, नुसते कर्नलचे आकडे टिपतो.