पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर?

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अजून काचेचा थर्मामीटर आहे. त्यातला चकाकणारा पारा विषारी असतो.

जपानमधील मिनामाता येथे एका कारखान्याने पारामिश्रित सांडपाणी समुद्रात सोडले. मासे खाणाऱ्या कोळी कुटुंबांचे हातपाय थरथरू लागले, काही मुले जन्मतःच अपंग निघाली. १९५६ साली हा आजार उघडकीस आला. संसर्गाच्या भीतीने लोकांनी पीडितांनाच वाळीत टाकले.

पारा हवेतून, पाण्यातून देशोदेशी पसरतो. एकट्या देशाने बंदी घालून भागत नाही. म्हणून २०१३ साली अनेक देशांनी 'मिनामाता करार' केला. भारताने तो २०१८ साली मंजूर केला. २०२० नंतर पाऱ्याचे थर्मामीटर बनवणे थांबवावे, असे त्यात ठरले.

पण जुना घरीच फुटला तर? मुलांना बाहेर न्यावे, खिडक्या उघडाव्यात. झाडू मारू नये, पारा विखुरतो. हातात पिशवी घालून, जाड कागदाने थेंब झाकणाच्या बाटलीत भरावेत. मोरीत किंवा कचऱ्यात टाकू नयेत. पालिकेकडे विचारून घातक कचरा म्हणून द्यावेत. कचरा उचलणारी माणसे आपलीच आहेत. नवा घेताना आपण डिजिटलच घेऊ.