चित्र वेगळे म्हणून नाणे खोटे नव्हे

पनवेलजवळील नेरे येथे शांतिवनात कुष्ठरोग निवारण समितीचे कार्य चालते, हे आमच्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक आहे. महात्मा गांधींचा स्मृतिदिन, ३० जानेवारी, आपल्या देशात कुष्ठरोग निवारण दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने काही भाविकांसह आम्ही नेऱ्यास गेलो असता वाटेवरील एका दुकानाशी एक वृद्ध आजी दहा रुपयांचे नाणे पुनःपुन्हा पुढे करीत होत्या व दुकानदार ते नाकारीत होता. "यावरचे चित्र वेगळे आहे, हे चालत नाही," एवढेच त्याचे म्हणणे. आजींच्या हाताची बोटे झडलेली होती. नाण्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची मुद्रा होती.

ते नाणे सर्वस्वी खरे होते. बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंती वर्षात, ६ डिसेंबर २०१५ रोजी, दहा रुपयांचे व १२५ रुपयांचे अशी दोन स्मारक नाणी प्रकाशित झाली. १२५ रुपयांचे संग्राहकांसाठी, दहाचे बाजारासाठी. मात्र बाजाराला हे कोणी सांगितलेच नसावे!

स्मारक नाणे म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या अथवा घटनेच्या स्मरणार्थ पाडलेले नाणे. त्याची एक बाजू ठरलेली असते, अशोकस्तंभावरील सिंहमुद्रेची. दुसरीवर त्या प्रसंगाचे चित्र येते. १९५० साली आपल्या प्रजासत्ताकाने नाण्यांवरून राजाचा मुखवटा उतरवून तेथे सिंह आणले. कैसराच्या नाण्याची शुभवर्तमानातील कथा जाणणाऱ्यांना त्या बदलाचा अर्थ वेगळा सांगावयास नको. नाण्यावर माणसाचा चेहरा परतला तो १९६४ साली, पंडित नेहरूंच्या निधनानंतर. तेच स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीनिमित्त वीस पैशांपासून चांदीच्या दहा रुपयांपर्यंतची नाणी निघाली. वीस पैशांचे ते पिवळे नाणे पुढे कित्येक वर्षे घरोघरी सापडत असे.

सत्तरच्या दशकात चेहरे मागे पडून संदेश पुढे आले. 'सर्वांसाठी अन्न' हा जागतिक अन्न व कृषी संघटनेचा विषय १९७० पासून आपल्या नाण्यांवर दिसू लागला. १९७४ साली दहा पैशांच्या नाण्यावर आईवडील व दोन मुले असे नियोजित कुटुंबच अवतरले. त्या मोहिमेतील साधनांविषयी धर्मसभेचे मत वाचकांस ठाऊक आहे. पण दहा पैशांएवढ्या जागेत इतका मोठा उपदेश बसविणाऱ्या कारागिराचे कौतुक वाटते. १९९० साली आंबेडकर, १९९९ साली छत्रपती शिवाजी व संत ज्ञानेश्वर, पुढे संत तुकाराम व लोकमान्य टिळक अशी महाराष्ट्राची ओळखीची नावे रुपया, दोन रुपये व पाच रुपयांवर आली.

येथे एका गैरसमजाविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. २००५-०६ च्या सुमारास दोन रुपयांच्या पोलादी नाण्यावर एकमेकींस छेदणाऱ्या रेषा व चार ठिपके होते. तो ख्रिस्ती क्रूस आहे, असा आरोप काही मंडळींनी केला. रिझर्व्ह बँकेच्या म्हणण्याप्रमाणे ते 'विविधतेत एकता' या कल्पनेचे चित्र होते : चार मस्तके व एक देह. आमच्या माणसांपैकीही काहींनी तो क्रूस समजून ते नाणे प्रार्थनेच्या पुस्तकात जपून ठेवले होते. रागावलेल्यांची व आनंदलेल्यांची चूक एकच होती. नाण्याचा खरा दोष निराळाच. त्याच्या आधीचे दोन रुपयांचे नाणे अकराकोनी असल्याने बोटांना कळे. हे गोल नाणे रुपयापासून वेगळे ओळखणे दृष्टिहीनांना कठीण जाई. त्याविषयी मात्र फारसा गलबला झाला नाही. २०१९ साली दृष्टिहीनांचा विचार करून नवी नाण्यांची मालिका जाहीर झाली व वीस रुपयांचे नाणे बाराकोनी आले.

आपल्या श्रद्धेशी खरोखर नाते सांगणारी नाणी दुसरी आहेत. संत अल्फोन्सा यांचा जन्म १९ ऑगस्ट १९१० चा, मदर तेरेसा यांचा २६ ऑगस्ट १९१० चा. अवघ्या सात दिवसांचे अंतर! दोघींच्या जन्मशताब्दीनिमित्त अनुक्रमे २००९ व २०१० साली पाच व शंभर रुपयांची नाणी निघाली. अल्फोन्सा यांना २००८ मध्ये संतपद लाभल्यामुळे त्यांच्या नाण्यावर 'संत' आहे. तेरेसा यांच्या नाण्यावर केवळ 'मदर', कारण त्यांचे संतपद २०१६ चे. शंभराचे नाणे पेटीत राहते. पाच रुपयांचे पितळी रंगाचे नाणे मात्र भाजीवाल्याकडून सुट्ट्या पैशांत मिळते. कुष्ठरुग्णांची सेवा केलेल्या मदरला तेच शोभते, असे आम्हांस वाटते.

कारण नाण्यांनी या रुग्णांना दूरही ठेवले आहे. फिलिपिन्समधील कुलियन बेटावरील कुष्ठवसाहतीसाठी १९१३ पासून वेगळी नाणी पाडली गेली; त्यावर वसाहतीचे नाव असे. रुग्णांच्या हातचा पैसा बाहेर जाऊ नये, हा हेतू.

आता व्यवहाराचे. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की दहा रुपयांच्या नाण्यांचे तोवर निघालेले चौदाही नमुने वैध चलन आहेत. रुपयाचे चिन्ह २०१० साली स्वीकारले गेले, त्यामुळे त्याआधीच्या नाण्यांवर ते नसणारच. तीही वैध आहेत. जुने नाणे लाखांना घेतो असे सांगून आधी शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता.

नेऱ्याच्या त्या दुकानदाराला आम्ही हे सारे समजावून सांगितले. नकार नाण्याला होता की हाताला, हे आम्ही विचारले नाही. त्याने नाणे घेतले व आजींना साबण दिला. नाणे मात्र गल्ल्यात न टाकता फळीवरच्या एका डबीत ठेवले.