शेवटचे ताट कोणाचे?

जळगाव आणि धुळे ही खान्देशातील धान्याची जुनी पेठ. जळगावच्या डाळ मिलमधून निघणारी तूरडाळ दूरवरच्या बाजारांत जाते. रावेर-यावलची केळी उत्तर भारतात पोहोचतात. याच जिल्ह्यांच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेर व शिरपूर तालुक्यांतील पावरा, भिल्ल आणि तडवी वस्त्यांत मात्र अंगणवाडीच्या वजनकाट्यावर कमी भरणारी बालके आजही आढळतात. पेठेत धान्याची थप्पी आणि जवळच्या पाड्यावर कुपोषण, या विसंगतीचे उत्तर केवळ गरिबीत मिळत नाही. घरात आलेले अन्न कोणत्या क्रमाने वाढले जाते, हेही पाहावे लागते.

आधी पुरुष, मग मुले आणि उरेल ते सुनेला, हा क्रम अनेक घरांत आजही चालू आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील सुमारे 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, तर पाच वर्षांखालील सुमारे 35 टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. 20 ते 24 वयाच्या सुमारे 22 टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच झाले होते. स्वतःची वाढ पूर्ण न झालेली, रक्त कमी असलेली मुलगी आई होते, तेव्हा बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. बाळाचे कुपोषण असे आईच्या ताटापासून सुरू होते.

हा प्रश्न शासनदरबारी नेण्यात स्वयंसेवी संस्थांचा वाटा मोठा आहे. 2001 मध्ये महाराष्ट्रातील तेरा संस्थांनी प्रत्यक्ष नोंदी ठेवून ‘कोवळी पानगळ’ हा बालमृत्यूंचा अहवाल मांडला. त्यानंतर डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली आणि 2005 मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. 2001 मध्येच अन्नाच्या हक्काची याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. देशभरातील कार्यकर्त्यांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर 2013 चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला. त्यात घरातील 18 वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या ज्येष्ठ स्त्रीला शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख मानण्यात आले.

2015 मध्ये आदिवासी क्षेत्रासाठी आलेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना दिवसातून एक वेळचे पूर्ण जेवण मिळते. पुढे बालकांसाठी अंड्याची आणि शाकाहारी बालकांसाठी केळ्यांची सोय झाली. घरी नेलेला शिधा सर्वांच्या ताटांत वाटला जातो. अंगणवाडीत बसून घेतलेले जेवण मात्र त्या मातेच्याच पोटात जाते.

तरीही पत्रिकेवर नाव आले म्हणजे अधिकार हाती आला, असे होत नाही. रेशन दुकानावर जाणारा, धान्य विकायचे की ठेवायचे हे ठरवणारा बहुधा पुरुषच असतो. म्हणून कायद्यातील दक्षता समित्यांत स्त्रियांना जे स्थान दिले आहे, ते कागदावर न राहता त्यांनी तेथे बोलावे, यासाठी प्रयत्न आवश्यक आहेत.

व्यापारी कुटुंबांना यात करण्याजोगे बरेच आहे. डाळ मिलमध्ये निवडटिपण करणाऱ्या, केळीच्या बागेत राबणाऱ्या स्त्रिया आपल्याच व्यवसायाचा भाग आहेत. त्यांच्यापैकी गरोदर स्त्रीची अंगणवाडीत नोंद झाली आहे का, तपासणीच्या दिवशी तिची मजुरी कापली जाते का, एवढे पेढीवरून सहज पाहता येईल. महिला मंडळांना दानाच्या पाकिटांबरोबरच ग्रामसभेत अंगणवाडीच्या आहाराबाबत प्रश्न विचारणाऱ्या स्त्रियांच्या पाठीशी उभे राहता येईल.

आणि एक पाहणी स्वतःच्या घरातही व्हावी. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा नेम पाळणाऱ्या घरात सर्वांना गरम फुलके वाढणारी सून स्वतः कधी बसते? उरलेल्या दहा मिनिटांत ती दोन घास घाईने खात असेल, तर तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि उद्यापासून तिचे ताट सर्वांबरोबर मांडावे.