जंताची गोळी जाते कुठे?

जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाडीत देतात ती गोळी अल्बेंडाझोलची, ४०० मिलिग्रॅम; एक ते दोन वर्षांच्या बाळांना अर्धी. तिच्यामुळे जंताला ग्लुकोज शोषता येत नाही, तो उपाशी मरतो.

गंमत पुढेच आहे. हे औषध पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून रक्तात फारच थोडं उतरतं. आतड्यातल्या जंतांसाठी ते सोयीचंच! पण मेंदूत फीतकृमीच्या अळ्यांच्या गाठी असतील, तर औषध रक्तातूनच पोचायला हवं. तेव्हा डॉक्टर गोळी तेलातुपाच्या जेवणासोबत घ्यायला सांगतात; शोषण पाचपटीपर्यंत वाढतं. आमच्या जळगावजवळच्या असोद्याचं तेल सुटलेलं भरीत इथे कामाला येईल बघा! पुढे यकृत या औषधाचं अल्बेंडाझोल सल्फॉक्साइड करतं, आणि गाठींवर मारा होतो तो त्याचाच. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत मात्र ही गोळी टाळतात.