गंजलेला स्क्रू आणि जुनी थकबाकी

निवृत्त बँक अधिकाऱ्याला दोन भ्रम असतात. एक, आपण कादंबरी लिहू शकतो. आणि दुसरा, घरातली कोणतीही दुरुस्ती आपल्याला जमेल. पहिल्या भ्रमातून वाचकांनी मला अजून पुरते बाहेर काढलेले नाही. दुसऱ्यातून मात्र ६ मिलिमीटर जाडीच्या एका स्क्रूने काढले.

आमची गाडी जपानी बनावटीची, २००६ सालची. पुण्यात बारा वर्षे तिने मला बिनतक्रार बँकेत नेले-आणले. २०१८ साली निवृत्त होऊन मी रत्नागिरीला, मांडवीच्या घरी आलो, तेव्हा तीही आली. २०२१ साली तिला पंधरा वर्षे झाली म्हणून पुन्हा पासिंग करून घेतले. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. दारच्या लोखंडी फाटकाला दर दोन वर्षांनी रंग द्यावा लागतो, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. गाडीच्या पोटातही लोखंडच असते, हे मात्र कधी डोक्यात आले नाही.

गेल्या श्रावणात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरू लागले. गणपतीसाठी मुलीला आणि नातीला कोल्हापूरहून आणायचे होते. मध्ये आंबा घाट. ही म्हणाली, "अहो, ब्रेकशी खेळ नको. नाक्यावरच्या गॅरेजात दाखवा." तिचे म्हणणे बरोबर होते. पण नाक्यावरच्या त्या गॅरेजात जायचे मी सहा वर्षे टाळत आलो होतो. गाडीचे काम असले की गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचो. तिथला मिस्त्री नेमका त्या दिवसांत लावणीसाठी गावी गेलेला. तेव्हा मी मोबाइलवर दोन-चार चित्रफिती पाहिल्या आणि जाहीर केले, की हे काम मी स्वतःच करणार.

सुरुवात चांगली झाली. मागच्या चाकांना दगड लावले, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, जॅकने गाडी उचलली आणि खाली भक्कम स्टँड दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये, एवढे ज्ञान चित्रफितींनी दिले होते. कॅलिपरचे दोन बोल्ट पान्याला लोखंडी नळी जोडून काढले. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत राहू नये म्हणून तारेने वर बांधला. ब्रेकची धूळ फुंकायची नाही, हेही पाळले. जुन्या ब्रेक पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते छातीत जाणे वाईट. डिस्कवर बोट फिरवले तर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या चरा लागल्या. डिस्क कमीत कमी किती जाड हवी तो आकडा तिच्यावरच कोरलेला असतो. शेजाऱ्याकडून व्हर्नियर आणून मोजले, तर आमची त्याहून पातळ भरली. म्हणजे डिस्क बदलणे आले. नव्या डिस्क आणल्या. आता जुन्या उपसून काढायच्या, एवढेच राहिले होते.

आणि तिथे ते दोन स्क्रू होते.

हे स्क्रू काम काय करतात म्हणाल, तर जवळजवळ काहीच नाही. गाडी तयार होताना डिस्क जागेवरून हलू नये, एवढ्यापुरते ते असतात. एकदा चाक बसले की चाकाचे नट डिस्कला असे आवळून धरतात, की या दोघांची गरज उरत नाही. पण वर्षानुवर्षे काही काम न करता खुर्चीला चिकटून बसलेला माणूस कसा हलत नाही, हे मी बँकेत पाहिलेले आहे.

गंजाची रीत अशी, की लोखंडाला हवा आणि पाणी मिळाले की तो धरतो आणि त्या पाण्यात मीठ असले तर झपाट्याने वाढतो. शिवाय गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. समुद्राकाठच्या इमारतींचे सज्जे आतली सळई गंजली की फुटतात, ते यामुळेच. स्क्रूच्या आट्यांमध्ये मात्र फुगायला जागा नसते. मग तो गंज पाचरीसारखा दोन्ही बाजूंनी दाबत राहतो. त्यात या स्क्रूचे डोके उतरत्या कडेचे, डिस्कमध्ये सपाट बुडालेले. ती सगळी कडच चिकटून बसलेली.

मी स्टार स्क्रू ड्रायव्हर घेतला, फुलीत बसवला आणि जोर लावला. ड्रायव्हर फुलीतून वर सरकला. आणखी जोर लावला, आणखी सरकला. चौथ्या खेपेला फुलीची वाटी झाली.

ही फुली अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्स यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी १९३६ साली तिची पेटंटे घेतली आणि कॅडिलॅक मोटारींच्या कारखान्याने ती लगोलग वापरात आणली. ड्रायव्हर आपोआप मध्यभागी बसतो, त्यामुळे कारखान्यात स्क्रू भराभर आवळता येतात. पण तिच्या भिंती उतरत्या असतात. स्क्रू हलेना झाला की त्याच उतारावरून ड्रायव्हर वर चढतो आणि जाताना खाच खरवडून नेतो. जपानी फुली दिसायला तशीच, पण आकाराने किंचित वेगळी; तिच्यात साधा स्टार तळापर्यंत बसत नाही. म्हणजे जितका जोर मी लावत होतो, तितके नुकसान करत होतो. हे सगळे मला नंतर कळले. तेव्हा मी त्यावर तेल मारले, रात्रभर वाट पाहिली आणि सकाळी उरलीसुरली फुलीही घालवली. दुसऱ्या स्क्रूला हात लावला नाही, एवढाच काय तो शहाणपणा.

चाक काढलेली गाडी अंगणात आणि गणपती पाच दिवसांवर. ही काही बोलली नाही. तिने नाक्यावर फोन केला.

तो आला. पन्नाशी ओलांडलेला, कानाजवळ पांढरे केस. "काय साहेब, अडलं काय?" म्हणाला. मी ओळखले. त्यानेही ओळखले होते.

१९९४ साली मी याच जिल्ह्यातल्या एका शाखेत कर्जविभाग पाहत होतो. सुशिक्षित बेरोजगारांसाठी पंतप्रधान रोजगार योजना आदल्या वर्षी सुरू झाली होती. हा तेव्हा बाविशीचा, आय.टी.आय. झालेला. गॅरेजसाठी कॉम्प्रेसर आणि हत्यारे घ्यायला त्याने अर्ज केला होता. त्या योजनेत एक लाखापर्यंतच्या कर्जाला तारण मागायचे नव्हते. मला नियम माहीत होता. पण कर्ज बुडाले तर जाब मलाच द्यावा लागणार होता. "नोकरीतला जामीनदार आण, मग बघू," असे मी तोंडी सांगितले. कागदावर काही ठेवले नाही. तो तीनदा आला. चौथ्यांदा आला नाही.

त्याने पिशवीतून जाडजूड इम्पॅक्ट ड्रायव्हर काढला. आधी दुसऱ्या स्क्रूची फुली टाचणीने खरवडून साफ केली, मापाचा बिट बसवला आणि एक किलोचा हातोडा घेतला. या हत्याराच्या मागे हातोडा मारला, की तो घाव बिटला आत दाबतो आणि त्याच क्षणी थोडेसे फिरवतो. दोन घाव, तीन घाव. चौथ्याला 'कट्' असा आवाज झाला आणि स्क्रू हलला.

"आधी आत दाबायचं, मग फिरवायचं," तो म्हणाला. "तुम्ही नुसतंच फिरवलंत."

मी बिघडवलेल्या स्क्रूला इलाज उरला नव्हता. "गॅसचा जाळ दिला तर?" मी विचारले. "शेजारी रबरी नळी, आत ब्रेक ऑइल. नको." त्याने ड्रिल लावून डोके पोखरून उडवले, डिस्क ओढून काढली आणि मागे राहिलेला खुंट पकडीने सहज फिरवून बाहेर काढला. डोके गेल्यावर आट्यांवरचा ताणही गेला होता.

काम करता करता तोच बोलला. कर्ज झाले नाही, म्हणून मुंबईला दुसऱ्याच्या गॅरेजात पाच वर्षे काढली. त्या काळात वडील गेले. निरोप पोचून तो येईपर्यंत सगळे आटोपले होते. मग १९९९ साली परत येऊन नाक्यावर स्वतःची शेड टाकली. हे सांगताना त्याचा हात थांबला नाही. नव्या स्क्रूंना जरासे ग्रीस लावून त्याने ते हलक्या हाताने बसवले. "डिस्कच्या तोंडाला ग्रीस लागता कामा नये," असेही बजावले. नवे पॅड घातले आणि मला आत बसवून दहा-बारा वेळा पेडल दाबायला लावले. पहिल्या दाबाला पेडल सरळ तळाला गेले. ते न करता गाडी फाटकाबाहेर काढली असती तर काय झाले असते, हे त्याने सांगितले नाही. मला समजले.

मी पैसे विचारले. "नंतर दिलेत तरी चालतील साहेब," तो म्हणाला. "जामीनदार नको."

तीस वर्षे मी हे वाक्य मनात जुळवत होतो, तरी ते नीट आले नाही. "नियमात जामीनदार नव्हताच," मी म्हणालो. "मी माझ्या भीतीपोटी मागितला होता."

त्याने हात पुसले. "माहिताय मला. योजनेचा कागद मी वाचला होता."

"मग बोलला का नाहीस?" माझ्या तोंडून एकेरीच गेले.

"बाविशीच्या पोराने बँकेत बसून साहेबाला नियम सांगायचा?" तो हसला. मग हत्यारे पिशवीत भरत म्हणाला, "घाट उतरताना गिअर खाली घ्या. सगळा भार ब्रेकवर टाकू नका. आणि पाचशे किलोमीटर झाले की गाडी दाखवून जा."

मी पैसे दिले. त्याने मोजून घेतले.

गणपतीच्या आदल्या दिवशी आम्ही आंबा घाट उतरलो. मागे नात झोपली होती. धुक्यात, दुसऱ्या गिअरवर, स्टिअरिंग जराही थरथरले नाही. पाचशे किलोमीटर भरायला पुढचे दोन महिने लागले. भरले त्या दिवशी मी गाडी नाक्यावर नेली. त्याने चाक काढले, ते दोन स्क्रू एकदा बोटाने चाचपले आणि माझ्यासाठी चहा सांगितला.